परळच्या गिरणीतला बुधवार

सकाळी साडेसहा, दादर

मार्गशीर्षातल्या बुधवारी दादरला पाय ठेवायला जागा नसते. उद्या गुरुवार, घरोघरी घट बसणार. त्यामुळे वेण्या, पाच फळं, नारळ, कथेची पुस्तकं आणि आंब्याचे डहाळे यांचीच झुंबड. केशवसुत पुलाखाली भाजीचे ट्रक रिकामे होत असतात, फुलबाजाराच्या तोंडाशी झेंडूचा चिखल झालेला असतो. या सगळ्याच्या कडेला, कोणाच्या पायात येणार नाही अशा बेताने, डहाळ्यांचा भारा सोडून माझी मावशी बसलेली असते. माझी म्हणजे नात्याने नव्हे. ती मोखाड्याकडची, मी परळच्या भोईवाड्यात पिठाची गिरणी चालवणारी. डहाळे ती सगळ्यांना विकते. भाऱ्याच्या तळाशी जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली नागली मात्र माझ्यासाठी असते. मी तिला नाचणी म्हणते, पण तिच्यासमोर नागलीच म्हणावं लागतं, नाहीतर ती हसते.

मंगळवारी दुपारी डहाळे तोडायचे, संध्याकाळी जीपने खोडाळ्यावरून कसारा गाठायचं, स्टेशनात भाऱ्याला टेकून रात्र काढायची आणि पहाटेच्या पहिल्या लोकलने दादर, असा तिचा प्रवास. दुपारपर्यंत माल संपला तर तेल, मीठ, मिरची आणि सुकट घेऊन ती परतीची गाडी धरते. मध्येच ‘पालिकेची गाडी आली’ अशी हाक फुटपाथवरून गेली की पसारा गोळा करून पुलाच्या जिन्यात पळायचं. ते कोणी मोजत नाही.

फडकं सुटलं की मी चिमूटभर नागली तळहातावर घेते, अंगठ्याने चोळते आणि फुंकर मारते. पातळ फोल उडून जातं, खाली विटकरी लाल दाणा राहतो. मोहरीपेक्षा थोडा बारीकच. आज तळव्यावर दोन-तीन खडेही राहिले.

“मावशी, खडे फार आलेत.”

“खळं मातीचं हाय, बाय. तुझी लादी आण.”

यावर काय बोलणार? शेणाने सारवलेल्या खळ्यावर कणसं काठीने झोडायची, मग पायाने मळायची, मग सुपाने पाखडायची. एवढं करून दाणा हातात येतो. त्याच्या आधीचं तर वेगळंच. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून राब भाजायचा, मृगाच्या पावसात त्यावर बी टाकायचं, रोप हातभर झालं की उताराच्या वरकस जमिनीत एकेक काडी लावायची, मग बेणणी. भाताला खाचर लागतं, बांध लागतो, पाणी साचून राहावं लागतं. मावशीची जमीन डोंगराच्या अंगाची, वनहक्काच्या पट्ट्यातली. तिथे पाणी थांबत नाही, म्हणून नागली. एका तुकड्यात पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी, मग ती जमीन पडीक सोडायची. ठाणे जिल्ह्याच्या इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये डोंगराळ शेतीचा हाच फेरा लिहिलेला आहे. पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला, फेरा तोच राहिला.

तिच्याकडे तराजू नाही, माझ्याकडे आहे. आज आठ किलो भरली. ती घरून मापट्याने मोजून आलेली असते, त्यामुळे काटा काय दाखवणार हे तिला आधीच ठाऊक असतं. ही गरवी नागली, दिवाळीनंतर घरात आलेली. हळवी दसऱ्याच्या सुमाराला तयार होते. ती तिने मला कधी विकली नाही. भाद्रपदात कणगीचा तळ दिसलेला असतो आणि हळवीची पहिली कणसं कापून त्याच दिवशी भाकर होते. ज्यांच्या घरी दोन्ही आहेत त्यांच्याकडे पावसाळा कसाबसा निघतो, एवढं तिच्या बोलण्यातून मला कळलंय.

पैसे रोख. सरकारचा नाचणीचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ४,८८६ रुपये आहे, म्हणजे किलोला एकोणपन्नासच्या आत. मी त्याहून जास्त देते, त्यात माझा काही मोठेपणा नाही. मीही त्यावर कमावते. पण हमीभाव हा पोत्यांचा हिशोब असतो. जिच्याकडे विकायला सगळी मिळून अर्धं पोतं निघतं, तेही आठ-आठ किलोने, जशी घरात पैशाची गरज लागेल तसं, ती कुठल्या खरेदी केंद्रावर जाणार? तिचं केंद्र दादरचा फुटपाथ.

सकाळी आठ, भोईवाडा

परळ एकच स्टेशन, तरी फडकं डोक्यावर घेऊन गाडीत शिरायला मला तिच्याइतकं जमत नाही.

शटर वर, उदबत्ती, मोटर चालू. ही गिरणी सासऱ्यांनी घातली. ते कापडगिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तो त्यांच्यापुरता कधी मिटलाच नाही. हातात आलेल्या पैशातून त्यांनी हे जातं घेतलं. आमचे लोक सूत काढायचे सोडतील, जेवायचे सोडणार नाहीत, असं त्यांचं गणित. तेव्हा डब्यात बघून माणसाचा तालुका सांगता यायचा. तांदूळ-नाचणी असेल तर संगमेश्वर, राजापूर. ज्वारी-बाजरी असेल तर सातारा, जुन्नर, पारनेर. आता सगळ्यांच्या डब्यात गहू.

दोन जाती आहेत. एक गव्हाचं, त्यात दुसरं काही जात नाही. दुसऱ्यावर बाकी सगळं, पण क्रम ठरलेला. सकाळी दगड झाडून पहिले तांदूळ, त्यामागे नाचणी, मग ज्वारी, बाजरी आणि सगळ्यात शेवटी डाळी. बेसनानंतर नाचणी घातली तर पिठाला वास लागतो. गहू चालत नाही अशी एक पोरगी आमच्या गल्लीत आहे, डॉक्टरांनी लिहून दिलंय. तिची आई डबा घेऊन शटर उघडण्याआधीच उभी असते, कारण पहिल्या दळणाशिवाय तिचा भरवसा बसत नाही. बरोबर आहे तिचं.

नाचणीला जातं आवळावं लागतं. दाणा एवढासा, दगडात फट राहिली तर अख्खाच खाली येतो. फार आवळलं तर पीठ तापतं आणि कडवट लागतं. वरून बारीक धार सोडायची, खाली कापडाच्या बाहीला हात लावून ऊब बघायची. सासरे गेल्यावर हे मला कोणी शिकवलं नाही, हाताने शिकवलं.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, गिऱ्हाइकांना आवडत नाही तरी. मुंबईत ‘गावठी नाचणी’ म्हणून जी विकली जाते तिच्यातली बरीचशी कर्नाटकातली असते. देशात सगळ्यात जास्त नाचणी तिथेच पिकते, वाशीच्या बाजारात पोती तिथूनच येतात. माझ्याकडेही दोन पिंपं आहेत. मोठं कर्नाटकाचं, दाणा एकसारखा, यंत्राने खडा काढलेला, वर्षभर मिळणारा. लहान पिंप मावशीचं. चव लहान पिंपाची चांगली, असं मी म्हणेन, पण दळताना डोळे मिटून ओळखायला सांगाल तर शपथ घेणार नाही.

साडेदहा

केईएमच्या बाजूने एक गृहस्थ आले. अकोले तालुक्यातले, महादेव कोळी. बायको वॉर्डात, आज सहावा दिवस. केईएम, टाटा, वाडिया जवळजवळ असल्याने आमच्या गल्लीत अख्ख्या महाराष्ट्राचे नातेवाईक हिंडत असतात. यांच्या पिशवीत घरची दोनेक किलो नाचणी होती. भाचा जवळच्या चाळीत राहतो, त्याच्या खोलीत भाकरी करून तिला नेऊन देणार होते.

दळण होईपर्यंत बाकावर बसले आणि बोलायला लागले. देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरेंचं कोंभाळणं त्यांच्या गावापासून लांब नाही. २०२० साली राहीबाईंना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा तालुक्यात काय झालं ते त्यांनी मला सविस्तर सांगितलं. मग म्हणाले, “पण बी तर आमच्या आयांनीपण ठेवलंच की. चुलीच्या वर आढ्याला कणसं टांगलेली असायची. धुरात कीड लागत नाही. पद्मश्री एकीलाच मिळते, चालायचंच.”

त्यात कडवटपणा नव्हता. उलट त्यांना अभिमान होता. दळणाचे पैसे मी घेतले, कारण न घेतलेले त्यांना आवडले नसते.

दुपारी बारा ते तीन

बारानंतर मोटर बंद. हा वेळ सुपाचा.

मावशीची नागली ओट्यावर पसरते. आधी मोठ्या भोकाची चाळण, कणसाच्या काड्या वर राहतात. मग बारीक चाळण, माती खाली जाते. मग सूप. पाखडताना फोल पुढे पडतं आणि खडे मागे सरकतात, त्यासाठी मनगटाला एक झटका द्यावा लागतो, तो लिहून सांगता येत नाही. आठ किलोचे सात किलो आणि वर थोडंसं उरतं. त्यातली दोन किलो धुऊन भिजत घालते, उद्या उपसून फडक्यात बांधेन. थंडीत मोड यायला दोन दिवस घेते. मग सावलीत वाळवून, मंद भाजून, दळून वस्त्रगाळ केली की सत्त्व. वाडियाच्या ओपीडीतून पोर कडेवर घेऊन आलेल्या बायका विचारत येतात.

नाचणीचा बडेजाव का, ते एका आकड्यात कळतं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम, पॉलिशच्या तांदळात दहाच्या आसपास. दुसरी गोष्ट डॉक्टर सांगत नाहीत, कोठार सांभाळणारे सांगतात. कोरडी ठेवली तर नाचणी वर्षानुवर्षं टिकते, तिला किडा लागत नाही. म्हणून डोंगरातल्या माणसाने ती धरून ठेवली. एक पावसाळा फसला तर मागच्याची कणगी असते.

असते, म्हणजे असायला हवी. मी नवी नवरी होऊन या घरात आले तो १९९२-९३ चा सुमार. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावल्याच्या बातम्या पेपरात येत होत्या. सासरे मोठ्याने वाचायचे आणि थांबायचे. जे धान्य आपण इथे बाळाच्या पहिल्या घासाला देतो ते पिकवणाऱ्यांची मुलं अशी कशी जातात, हे त्यांना उलगडत नव्हतं. मला ते पुस्तकातून नाही, मावशीच्या महिन्यांमधून उलगडलं. नागली घरात येते कार्तिकात. त्याच वेळी दुकानदाराची उधारी उभी असते, दवाखाना झालेला असतो, कोणाचं लग्न असतं. म्हणून मार्गशीर्ष-पौषात थोडी थोडी विकायची. दिवाळीनंतर पाड्यावरची निम्मी घरं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. उन्हाळ्यात कणगी अर्ध्यावर. आषाढात, लावणीच्या ऐन कष्टात, रिकामी. त्या दिवसांत ती मला रानभाज्या आणून देते. शेवळं, फोडशी, टाकळा, नंतर कंटोळी. पण नागली विचारायची नाही, हा आमच्यातला अलिखित नियम.

आणि शहराला नाचणी हवी असते चैत्र-वैशाखात. थंड म्हणून आंबिलीला, शाळेला सुट्टी म्हणून पापडांना. मार्गशीर्षात इथे बाजरी आणि तीळ. म्हणजे तिचा माल बाजारात येतो तेव्हा इथे मागणी नाही आणि मागणी येते तेव्हा तिच्याकडे माल नाही. मधल्या चार महिन्यांचा नफा मी खाते, कारण माझ्याकडे पिंप आहे. एवढं साधं आहे ते.

पाखडताना शेजारच्या काकू येऊन बसतात, त्यांचा एक ठरलेला सिद्धान्त आहे. रेशनच्या फुकट तांदळाने आदिवासी आळशी झाले, नाचणी पिकवायची सोडून दिली. मी दरवेळी भांडते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो धान्य बांधून दिलं, जानेवारी २०२३ पासून ते फुकट झालं. आषाढात मावशीच्या चुलीवर जे शिजतं ते हेच. त्याला नावं ठेवणाऱ्याने एक पावसाळा तिथे काढावा. माझी तक्रार उलटी आहे. त्याच कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया असं लिहिलेलं होतं. त्या भरड धान्यातली नागली मावशीने तिच्या रेशन दुकानात कधी पाहिली नाही. ओडिशाने २०१७ पासून मिलेट मिशन काढून आदिवासी शेतकऱ्यांकडून नाचणी हमीभावाने घेतली, रेशनवर दिली, काही जिल्ह्यांत अंगणवाडीतल्या मुलांना तिचे लाडू दिले. म्हणजे करता येतं. काकू म्हणतात, तू निवडणुकीला उभी राहा.

मग जेवण. पाण्याला उकळी, मीठ, त्यात पीठ घालून झाकण. पाच मिनिटांनी चटके सोसत मळायचं. थंड झाल्यावर मळलं तर कडा फाटतात, कारण या पिठाला गव्हासारखा चिकटा नाही. थापून तव्यावर, वरून पाण्याचा हात, उलटून आचेवर. फुगली की काढायची. सोबत आज करांदे उकडलेले, मावशीनेच वर टाकलेले.

पाच ते साडेआठ

या वेळेत काही सुचत नाही, फक्त हात चालतात. चाळीतला डबा, टॉवरमधल्या बाईची नावाची चिठ्ठी लावलेली पिशवी, नाक्यावरच्या बांधकामावरचे मजूर रेशनचा गहू घेऊन. एक जिमवाला मुलगा ‘मिलेट फ्लोअर’ मागतो. नाचणी की ज्वारी की बाजरी, म्हटलं की गोंधळतो. २०२३ ला संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष झालं, भारतानेच ते सुचवलेलं, अर्थसंकल्पात ‘श्रीअन्न’ नाव पडलं. तेव्हापासून असे बरेच येतात. येऊ देत. बिस्किटाच्या पुड्यावर मोठ्या अक्षरात नाचणी आणि मागे बारीक अक्षरात आधी मैदा, त्यापेक्षा गोंधळलेला मुलगा बरा. त्याला लहान पिंपातली एक किलो दिली आणि भाकरी कशी करायची ते सांगितलं. उकड काढायची म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. मग पेज शिकवली.

रात्री साडेनऊ

दगड झाडून झाले, वही उघडली. मावशीच्या पानावर आठ किलो, रक्कम, बुधवार.

सकाळी मी तिला पुन्हा विचारलं होतं. घरात अजून पंचवीसेक किलो विकायची नागली आहे असं ती म्हणते. मी सुचवलं, पैसे सगळ्याचे आताच घे, नागली मात्र कणगीतच राहू दे, चैत्रात आण. तेव्हा भाव चढलेला असेल, वरचा फरकही तुझा. मला वाटत होतं यात तिचं भलंच आहे. तिने मान हलवली.

“बयाणा नको, बाय.”

भट्टीचा मुकादम पावसाळ्यात, कणगी रिकामी असताना, पाड्यावर येऊन बयाणा देतो. तो फेडायला दिवाळीनंतर नवराबायको पोरांसकट जातात, आठवड्याला खर्ची मिळते आणि होळीला हिशोब केला की बहुतेकदा काहीतरी अंगावर राहिलेलंच असतं. पुढच्या वर्षीचा बयाणा त्यातच धरला जातो. तिची धाकटी जाऊ यंदा गेली आहे. ही स्वतः गेली नाही, कारण डहाळे, नागली, रानभाज्या यांच्यावर घर चालतं. दादरच्या फुटपाथवर कोणाचं देणं नसतं, माल द्यायचा, पैसे घ्यायचे, गाडी धरायची. माझा बयाणा वेगळा असेल हे तिने का मानावं?

तेव्हा दुसरं ठरवलं. पुढच्या बुधवारी ती आणेल ती नागली आजच्याच भावाने रोख. चैत्रात ते पीठ मी ज्या भावाने विकेन ते या पानावर लिहायचं, आणि आषाढात ती फोडशी घेऊन येईल तेव्हा फरकातला अर्धा तिच्या हातात ठेवायचा. अर्धाच, कारण पिंप, वीज आणि घट माझी. यावर तिने नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. “आण तवा बघू,” म्हणाली.

वही मिटली तेवढ्यात दादरच्या एका आजोबांचा फोन. येत्या एकादशीला घरी वीस माणसं आहेत, भगर हवी आणि भगरीचं पीठही. दळणाआधी जातं धुवाल ना, गव्हाचा स्पर्श नको. धुते म्हटलं, उपासाची दळणं सोमवारी घेते. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे ती मोखाड्याची बाई येते, तिच्याकडची गावठी मिळेल का?

नाही मिळणार, काका. यंदा तिच्या एका तुकड्यातच वरई होती. तिचा घरात भात होतो, ती विकायची नाही म्हणाली. नाशिकची पॅकेटातली आणते, चालेल?